विद्युत सायकल : नियमन आणि रस्ता सुरक्षा

विद्युत सायकल (ई-सायकल) : पेडलला बॅटरीवर चालणाऱ्या मोटरची जोड दिलेली सायकल. कायद्याने तिला सायकल मानायचे की मोटार वाहन, हे मोटरची शक्ती आणि वेग यांवर ठरते.

भारतातील नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असावी लागते. वेग वाढेल तसे मोटरचे साहाय्य घटत जाऊन ताशी २५ किमी.ला ते पूर्ण थांबले पाहिजे. पेडल मारणे सोडल्यास त्याआधीच. योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक आवश्यक असतो. या अटी पूर्ण झाल्याचे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित करावे लागते. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशी एक संस्था. अशा सायकलला नोंदणी, चालक परवाना व सक्तीचा विमा लागू नाही. सिग्नल, एकेरी मार्ग यांतून मात्र सूट नाही.

इतर देश : युरोपीय संघातही २५० वॅट आणि ताशी २५ किमी. हीच सीमा आहे. ब्रिटनमध्ये चालकाचे वय किमान १४ वर्षे लागते. अमेरिकेच्या २००२ च्या संघीय कायद्याने ७५० वॅटपेक्षा कमी शक्ती आणि केवळ मोटरवर ताशी २० मैलांपेक्षा कमी वेग, अशी व्याख्या केली.

सुरक्षा : मोटर व बॅटरीमुळे वजन वाढते. साध्या सायकलला मोटरचा संच बसवताना ब्रेक जुनेच ठेवले, तर थांबायला जास्त अंतर लागते. आवाज जवळजवळ नसल्याने पादचाऱ्यांना मागून येणारी सायकल कळत नाही. त्यामुळे घंटी व दिवा महत्त्वाचे ठरतात. हेल्मेटची सक्ती नसली, तरी ते वापरणे हिताचे.

बेकायदा बदल : मोटर नियंत्रित करणाऱ्या कंट्रोलरमधील वेगमर्यादा काढून टाकणे हा सर्वांत गंभीर प्रकार. वेग २५ वरून ४५ किमी. झाला, की धडकेची ऊर्जा तिपटीहून अधिक होते. सायकलची चौकट व ब्रेक त्यासाठी घडवलेले नसतात. शिवाय व्याख्येची सीमा ओलांडताच ते वाहन विनानोंदणी व विनाविमा मोटार वाहन ठरते; धडक बसलेल्या पादचाऱ्याला भरपाईसाठी विमा कंपनीकडे बोट दाखवता येत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये असे बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध तपासणी मोहीम हाती घेतली.