स्पॅनिश भाषेतील उपपदे

स्पॅनिश भाषेतील उपपदे ही नामापूर्वी येऊन त्याची निश्चितता किंवा अनिश्चितता दर्शविणारी पदे होत. त्यांची रूपे नामाच्या लिंग-वचनानुसार बदलतात. निश्चित उपपदे पुल्लिंगी 'एल', 'लोस' व स्त्रीलिंगी 'ला', 'लास' अशी असून अनिश्चित उपपदे 'उन', 'उनोस' व 'उना', 'उनास' अशी आहेत. पहिल्या गटाचे मूळ लॅटिनमधील 'इल्ले' (तो) या दर्शक सर्वनामात, तर दुसऱ्याचे 'ऊनुस' (एक) या संख्यावाचकात आहे.

उपयोग

मराठीत स्वतंत्र उपपद नाही. त्यामुळे मराठी विद्यार्थी बहुधा शाळेत शिकलेले इंग्रजीचे नियम स्पॅनिशला लावतो आणि नेमका तेथेच चुकतो. एखादी वस्तू सर्वसामान्य अर्थाने कर्तास्थानी आली, की स्पॅनिशमध्ये निश्चित उपपद लागते. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. येथे समोरचा विशिष्ट पेला अभिप्रेत नसतो. मात्र 'मी कॉफी पितो' याला 'बेबो काफे' एवढेच पुरते, कारण येथे कॉफीचे अनिश्चित प्रमाण अभिप्रेत असते. 'बेबो एल काफे' म्हटल्यास 'ती (ठाऊक असलेली) कॉफी पितो' असा अर्थ होतो.

व्यवसाय सांगताना इंग्रजीपेक्षा मराठीच अधिक जवळची ठरते. 'ती शिक्षिका आहे' हे 'एस माएस्त्रा' असे उपपदाविना येते. गुणविशेष जोडला, की 'एस उना ब्वेना माएस्त्रा' (ती चांगली शिक्षिका आहे) असे उपपद येते. शरीराच्या अवयवांपूर्वी 'माझे' ऐवजी सामान्यतः उपपद वापरतात. वारांच्या बाबतीत 'एल लुनेस' म्हणजे (एका ठरावीक) सोमवारी, तर 'लोस लुनेस' म्हणजे दर सोमवारी.

लिंग व रूपे

'आग्वा' (पाणी) हे नाम स्त्रीलिंगी असूनही 'एल आग्वा' म्हणतात. आघातयुक्त 'आ'ने आरंभ होणाऱ्या एकवचनी स्त्रीलिंगी नामांपूर्वी 'ला' येत नाही. हे 'एल' पुल्लिंगी नसून 'इल्ला' या लॅटिन स्त्रीलिंगी रूपाचाच स्वरापूर्वी आखूड झालेला अवशेष आहे. म्हणूनच विशेषण स्त्रीलिंगी राहते आणि अनेकवचनात 'लास आग्वास' होते. काही नामांचा अर्थच उपपदावरून कळतो: 'एल कापिताल' म्हणजे भांडवल, 'ला कापिताल' म्हणजे राजधानी.

'आ' व 'दे' या शब्दयोगींना 'एल' जोडून 'आल' व 'देल' ही रूपे होतात. एल साल्वादोर या देशनामात मात्र लेखनात असा संधी करीत नाहीत. नपुंसकलिंगी 'लो' नामापूर्वी न येता विशेषणापूर्वी येते. 'लो ब्वेनो' म्हणजे 'जे चांगले ते'.