दोन दिवसांत एकोणसत्तर गाणी

२८ डिसेंबर १९५३. लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत जॅझ पियानोवादक आर्ट टेटम एकटाच पियानोसमोर बसला. साथीला ना ड्रम, ना बास. काय वाजवायचे आणि किती वेळ, हे निर्माता नॉर्मन ग्रान्झने त्याच्यावरच सोडले होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून टेटमने ६९ गाणी वाजवली. तीन वगळता सगळी पहिल्याच वादनात पक्की झाली.

हा झपाटा थक्क करणारा आहेच. पण त्या दोन दिवसांचे खरे मोल आहे ते वेळेच्या मोकळिकीत.

टेटम १९०९ साली ओहायोतल्या टोलेडोत जन्मला. लहानपणापासून एका डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नसे, दुसऱ्याने अंधुक. १९३३ साली ब्रन्सविक कंपनीने त्याच्या एकल वादनाच्या पहिल्या तबकड्या काढल्या. त्यातले ‘टायगर रॅग’ आजही ऐकावे. दोन माणसे वाजवत आहेत असे वाटते. मात्र मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांना ज्या चौकटीत राग बसवावा लागला, तीच ही चौकट. टेटमच्या जुन्या तबकड्यांतली घाई काही अंशी तिचीच आहे.

चुंबकीय फीत आणि १९४८मध्ये आलेली लाँगप्ले तबकडी यांनी ती चौकट मोडली. ग्रान्झने हे नेमके हेरले. त्या मुद्रणांतल्या ‘विलो वीप फॉर मी’मध्ये फरक स्पष्ट ऐकू येतो. खर्जातला सूर आणि मधला कॉर्ड यांच्यात झेपा घेणारा डावा हात इथे थबकतो, लय सैल होते, आणि ओळखीच्या चालीखाली टेटम अनपेक्षित कॉर्ड सरकवत जातो. चाल तीच, तिच्याखालची जमीन मात्र क्षणाक्षणाला बदलते.

१९५४ आणि १९५५ साली आणखी मुद्रणे झाली. ग्रान्झच्या क्लेफ कंपनीने ही सारी वादने ‘द जीनियस ऑफ आर्ट टेटम’ या मालिकेत काढली. फ्रेंच समीक्षक आंद्रे ओदेर यांनी त्यांवर कठोर टीका केली: गाणी घासून गुळगुळीत झालेली, वादन अलंकारांनी लदलेले. पियानिस्ट बिली टेलरने टेटमची बाजू मांडली. ओदेर यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. सलग ऐकताना त्या वेगवान तानांची पुनरावृत्ती जाणवते. पण त्यांनी नक्षी मोजली आणि खालची बांधणी बाजूला ठेवली. टेटमचे नवेपण त्या बांधणीत, म्हणजे स्वरसंगतीत आहे.

५ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी, मूत्रपिंड निकामी होऊन टेटम गेला. १९७०च्या दशकात ग्रान्झने आपल्या नव्या पाब्लो कंपनीतर्फे ही सारी एकल वादने १३ तबकड्यांत पुन्हा बाजारात आणली.