डेन्व्हर : मैलभर उंचीचें नगर



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर धरला, तर मध्यभागाच्या किंचित् पश्चिमेस एक मोठें माळरान संपतें आणि रॉकी पर्वताची रांग सुरू होते. ह्या सांध्यावर कोलोरॅडो संस्थानची राजधानी डेन्व्हर वसली आहे. तेथें कांहीं दिवस राहण्याचा योग मला आला. सात लक्षांहून अधिक वस्तीचें हें शहर आतां सर्वस्वीं आधुनिक आहे. पाहुण्यास तेथें प्रथम दाखवितात ती पश्चिमेची पर्वतांची रांग, आणि खरोखरच ती पाहण्याजोगी आहे. परंतु शहर स्वतः पर्वतांत नाहीं. तें सपाट माळावर असून पर्वताचा पायथा दहापंधरा मैलांवर आहे. एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे त्याचा इतिहास उलगडूं लागतो.

नगर वसावयास सामान्यतः जीं कारणें लागतात, त्यांतील येथें जवळजवळ एकही नव्हतें. जहाजें चालण्याजोगी नदी नाहीं. पाऊस वर्षाकाठीं जेमतेम पंधरा इंच. १८५८ च्या उन्हाळ्यांत जॉर्जियाकडील विल्यम ग्रीन रसेल ह्याच्या टोळीस चेरी क्रीक व साउथ प्लॅट ह्या दोन प्रवाहांच्या संगमाजवळ सोन्याचे कांहीं कण सांपडले. सोनें अगदीं थोडें होतें. पण बातमी पूर्वेकडे पोंचेपर्यंत राईचा पर्वत झाला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत संगमाच्या पश्चिमेस ऑरेरिया नांवाचें गांव आंखलें गेलें. आणि महिना संपण्यापूर्वीं विल्यम लॅरिमर नांवाच्या गृहस्थानें पूर्वेच्या तीरावर दुसरें गांव आंखलें. हा सारा मुलूख तेव्हां कॅन्सस प्रांतांत मोडत असे. म्हणून तेथील गव्हर्नर जेम्स डेन्व्हर ह्याची मर्जी संपादन करावी, ह्या हेतूनें लॅरिमरनें गांवास त्याचें नांव दिलें. मौज अशी कीं, गव्हर्नरानें त्यापूर्वींच राजीनामा दिला होता. ती वार्ता माळ ओलांडून आली नव्हती, इतकेंच. मर्जी मिळाली नाहीं, नांव मात्र कायमचें राहिलें.

१८५९ सालीं सुमारें एक लक्ष माणसें सोन्याच्या आशेनें ह्या दिशेस निघालीं, आणि त्यांतील पुष्कळ हताश होऊन वाटेंतूनच परतलीं. खरें सोनें सांपडलें तें पर्वताच्या दऱ्यांत. डेन्व्हरच्या वांट्यास आला तो खाणवाल्यांना पीठ, कुदळी व खेंचरें पुरविण्याचा व्यापार. दोन्ही गांवांत चुरस इतकी कीं, विल्यम बायर्स ह्यानें आपल्या वृत्तपत्राची कचेरी पुढें चेरी क्रीकच्या कोरड्या पात्रांतच खांबांवर उभारली. हेतु असा कीं, कोणीही तिला परक्या गांवची म्हणूं नये. १८६० सालीं दोन्ही गांवें एक झालीं. १८६३ च्या एप्रिलांत आगीनें बाजारपेठ खाल्ली, आणि १८६४ च्या मे महिन्यांत कोरडा म्हणविणारा तो ओढा एका रात्रींत फुगून कचेरी छापखान्यासकट घेऊन गेला.

ह्याहून मोठें संकट आलें तें लोहमार्गाचें. पूर्व-पश्चिम सागरांस जोडणारी रेल्वे डेन्व्हरवरून न जातां उत्तरेस वायोमिंगमधून गेली. गांव ओस पडेल असें सर्वांस वाटूं लागलें. तेव्हां नागरिकांनीं स्वतः भांडवल उभारण्यास आरंभ करून शायेन गांवापर्यंत १०६ मैलांचा फांटा बांधण्याचें काम हातीं घेतलें. तो १८७० च्या जूनमध्यें पुरा झाला. ह्याचा परिणाम शिरगणतीच्या आंकड्यांत स्वच्छ दिसतो. १८६० सालीं वस्ती ४,७४९ होती. दहा वर्षांनीं ती ४,७५९ झाली, म्हणजे एका दशकांत दहा माणसांची वाढ! आणि त्यापुढील दहा वर्षांत ती ३५,६२९ वर गेली. आज त्या फांट्याच्या कामीं पुढाकार घेणाऱ्या पुरुषांचीं नांवें शहरांत जागोजाग दिसतात. त्यांत प्रमुख होता कोलोरॅडो प्रांताचा माजी गव्हर्नर जॉन इव्हान्स. ह्या नांवापाशीं मात्र इतिहासाच्या अभ्यासकास थांबावें लागतें.

कारण हें नगर ज्या भूमीवर उभें राहिलें ती रिकामी नव्हती. संगमाकांठीं अरापाहो लोकांचे तळ पडत असत. १८५१ सालीं फोर्ट लॅरामी येथें झालेल्या करारानें अमेरिकेच्या सरकारनेंच हा प्रदेश शायेन व अरापाहो ह्या जमातींचा म्हणून मान्य केला होता. सोन्याच्या मागें माणसें धांवलीं तेव्हां तो करार कोणीं आठवला नाहीं. १८६१ सालीं नवा करार झाला. त्यांत ह्या जमातींच्या हातीं मूळच्या मुलुखाचा तेरावा हिस्साही उरला नाहीं, आणि त्यावर सह्या करणारे नायकही थोडेच होते. तंटे वाढले, रक्तपात झाला. १८६४ च्या ऑगस्टांत गव्हर्नर इव्हान्सनें जाहीरनामा काढून शत्रु समजल्या जाणाऱ्या इंडियनांस ठार मारण्याची व त्यांची मालमत्ता घेण्याची मुभा नागरिकांस दिली.

त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं पहांटे, डेन्व्हरच्या आग्नेयीस सुमारें पावणेदोनशें मैलांवर सँड क्रीकच्या कांठीं, कर्नल जॉन शिव्हिंग्टन ह्याच्या सैन्यानें एका तळावर हल्ला केला. तळाचा नायक ब्लॅक केटल सलोख्याच्या बाजूचा होता. त्याच्या तंबूवर अमेरिकेचें निशाण व पांढरें निशाण दोन्ही फडकत होतीं. दोनशेंहून अधिक माणसें मारलीं गेलीं. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुलें व वृद्ध होते. सैनिक डेन्व्हरला परतले तेव्हां त्यांचें स्वागत झालें, आणि मृतांचे केंस कातड्यासकट नाट्यगृहांत लोकांस दाखविण्यांत आले.

त्या सैन्यांत कॅप्टन सायलस सोल नांवाचा सव्वीस वर्षांचा अधिकारी होता. आपल्या तुकडीस त्यानें गोळी झाडूं दिली नाहीं. पुढें जें पाहिलें तें त्यानें आपला वरिष्ठ मेजर वाइनकूप ह्यास पत्रानें कळविलें, आणि १८६५ च्या फेब्रुवारींत चौकशी-मंडळापुढें साक्ष दिली. त्याच वर्षीं २३ एप्रिलला डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. चौकशींत शिव्हिंग्टनचा तीव्र निषेध झाला. पण त्यानें लष्करी नोकरी सोडलेली असल्यामुळें त्यास शिक्षा झाली नाहीं. इव्हान्सला गव्हर्नरपद सोडावें लागलें.

आतां शहरांतील विधिमंडळाच्या भवनाकडे येऊं. त्याचा घुमट सोन्याच्या पत्र्यानें मढविलेला आहे. पश्चिमेच्या पायऱ्यांपैकीं पंधराव्या पायरीवर ‘समुद्रसपाटीपासून एक मैल उंच’ अशा अर्थाचीं अक्षरें कोरलेलीं आहेत. १९६९ सालीं विद्यार्थ्यांनीं पुन्हा मोजणी केली, तेव्हां मैल अठराव्या पायरीवर भरला. २००३ सालीं अधिक सूक्ष्म साधनांनीं मोजतां तो तेराव्या पायरीवर उतरला. तिन्ही खुणा तेथें आहेत, आणि प्रवासी तिन्हींवर उभे राहून छायाचित्रें काढतात. उंचीची चूक सुधारण्यांत कोणाचेंच कांहीं जात नव्हतें.

त्याच पायऱ्यांसमोर १९०९ सालीं यादवी युद्धांतील सैनिकांचें स्मारक उभें राहिलें. त्यावर कोलोरॅडोच्या सैनिकांनीं लढलेल्या लढायांची यादी होती, आणि तींत सँड क्रीकचेंही नांव होतें! मीं आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला आहे. लढाई आणि कत्तल ह्या दोन शब्दांतील अंतर वर्गांत समजावून सांगणें सोपें असतें. परंतु ज्या नगराच्या संस्थापकांची प्रतिष्ठा त्या अंतरावर टांगलेली असते, त्यास तें मान्य करणें फार जड जातें. ह्या सुधारणेस सुमारें शंभर वर्षें लागलीं. २००२ सालीं स्मारकाशेजारीं खुलाशाचा फलक बसला. २००७ सालीं सँड क्रीकची भूमि राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून खुली झाली. २०१४ सालीं संस्थानच्या गव्हर्नरनें जमातींच्या वंशजांची क्षमा मागितली. स्मारकावरील पुतळा २०२० च्या जूनमध्यें निदर्शनांच्या वेळीं पाडण्यांत आला. इव्हान्सचे जाहीरनामे मात्र कागदोपत्रीं तसेच राहिले होते. ते २०२१ सालीं रद्द झाले. आणि शहराच्या पश्चिमेस जें चौदा हजार फुटांहून उंच शिखर माउंट इव्हान्स म्हणून ओळखलें जात असे, त्याचें नांव २०२३ सालीं माउंट ब्लू स्काय, म्हणजे नीलाकाश पर्वत, असें ठेवण्यांत आलें. अरापाहो लोक स्वतःस नीलाकाशाचे लोक म्हणवितात.

नांव बदलल्यानें मेलेलीं माणसें परत येत नाहींत, हें खरें. जमिनीही परत मिळाल्या नाहींत. शायेन व अरापाहो ह्यांच्या आजच्या वसाहती मोंटाना, वायोमिंग व ओक्लाहोमा येथें, दूरदूर आहेत. तथापि दरवर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांचीं तरुण मुलें सँड क्रीकपासून डेन्व्हरपर्यंत धांवत येतात व सोलच्या थडग्याशीं थांबून त्याचें स्मरण करतात. ज्यांच्या पूर्वजांवर ती पहांट कोसळली, तेच त्या सैन्यांतील एका अधिकाऱ्यास विसरलेले नाहींत.

डेन्व्हरला जाणाऱ्यानें पर्वत अवश्य पहावेत. त्याबरोबरच शहराच्या मध्यभागीं पंधराव्या रस्त्याच्या नाक्यावर सोलच्या स्मरणार्थ २०१० सालीं लावलेला लहानसा फलकही वाचावा. नाक्यावर त्यास छेदून जाणाऱ्या रस्त्याचें नांव अरापाहो असें आहे. नगराच्या बाल्यावस्थेंतच तें ठेवलें गेलें. ज्यांचें नांव ह्या रस्त्यानें धारण केलें, ते लोक कोण होते व कोठें गेले, हें आतां तेथील शाळांतून मुलांस शिकवितां येईल. आणि तें शिकविलें जावें, एवढीच एका जुन्या शिक्षकाची इच्छा आहे.