याम चा

हाँगकाँगच्या जुन्या चहाघरांत सकाळी लोक ‘याम चा’ करायला जातात. कँटोनीजमध्ये ‘याम’ म्हणजे पिणे, ‘चा’ म्हणजे चहा. आपला ‘चहा’ही याच चिनी मुळाचा. शब्दात खाण्याचा उल्लेख नाही, पण आपल्या ‘चहाला या’सारखंच त्यात खाणं गृहीत असतं: बांबूच्या करंडीत वाफवलेले ‘हार गाऊ’, पातळ पारीतून आतली गुलाबी कोळंबी दिसणारे. अशा पदार्थांना ‘डिम सम’ म्हणतात; ‘डिम’ म्हणजे हलका स्पर्श, ‘सम’ म्हणजे हृदय. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं. कुणी आपल्या कपात चहा ओतला, तर टेबलावर बोटं हलकेच आपटून आभार मानायचे. तिथे गेलात तर आधी चहा निवडा; याम चामध्ये पहिला मान त्याचाच.