पणजीचे हरितपट्टे आणि दारातला कचरा

वस्तीमधून सलग जाणारा, झाडांच्या सावलीचा, पायी किंवा सायकलने पार करता येणारा पट्टा म्हणजे नागरी हरितमार्ग. उद्यान एका जागी असते. हरितमार्ग एका वाड्याला दुसऱ्या वाड्याशी जोडतो. ओहोळ, खाडी, कालवा किंवा टेकडीचा पायथा अशा, इमारत उभारण्यास अडचणीच्या जागेवर तो बहुधा आकाराला येतो. नेमक्या याच जागा शहरांनी पिढ्यान्‌पिढ्या कचरा टाकण्यासाठीही वापरल्या आहेत. त्यामुळे हरितमार्ग आणि कचऱ्याचे वर्गीकरण हे कागदावर दोन खात्यांचे विषय असले, तरी प्रत्यक्षात ते एकाच काठावरचे विषय ठरतात. घरातला कचरा दारातच वेगळा झाला नाही, तर त्यातला काही भाग पाण्यात पोहोचतोच आणि काठावर लावलेली झाडे त्याला अडवू शकत नाहीत. पणजी शहराचा गेल्या दोन दशकांचा अनुभव याच नात्याचा आहे.

पाण्याच्या काठचे शहर

१८४३ मध्ये पोर्तुगीज भारताच्या राजधानीचा दर्जा मिळालेले पणजी शहर मांडवी नदी, आल्तिनोची टेकडी आणि दोन खाड्या यांच्यामध्ये वसलेले आहे. शहराचा मोठा भाग दलदल आणि खाजन जमिनींवर भराव घालून तयार झाला. पश्चिमेकडील सांतिनेज खाडी ताळगावच्या बाजूने येते, दाट वस्तीमधून वाहते आणि कांपालजवळ मांडवीला मिळते. पूर्वेकडील खाडी मळा आणि पाटो यांच्या कडेने जाते. दोन्ही खाड्यांना भरती-ओहोटी आहे आणि दोन्हींच्या काठी खारफुटी वाढते.

पणजीच्या हरितपट्ट्यांचा सांगाडा याच रेषांवर उभा आहे. मांडवीकाठचा कांपालचा वृक्षाच्छादित भाग, आल्तिनोचा उतार, पाटो परिसरातील खारफुटीमधून जाणारी पायवाट आणि सांतिनेज खाडीचा काठ हे तुकडे जोडले गेले, तर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावलीतून चालत जाता येईल. यांपैकी सर्वांत दुर्बळ दुवा सांतिनेज खाडीचा आहे. कधी काळी होड्यांची ये-जा असलेल्या या खाडीत आज सांडपाणी, प्लास्टिक आणि बांधकामाचा राडारोडा साचतो. भरतीचे पाणी येण्या-जाण्याची वाट त्यामुळे अरुंद होते. जोरदार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की सखल भागातील पाणी ओसरत नाही.

कचरा न्यायला जागा उरली नाही

इतर शहरांप्रमाणे पणजीचा कचराही पूर्वी शहराबाहेर नेऊन ओतला जात असे. कुडका येथील पठारावरील अशा कचराभूमीला ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि ती जागा महानगरपालिकेला सोडावी लागली. पुढे बायंगिणी येथे प्रकल्पाचा प्रस्ताव आला. जुने गोवे परिसरातील रहिवाशांनी त्यालाही विरोध केला. शहराने आपला कचरा आमच्या गावात का आणावा, हा ग्रामस्थांचा प्रश्न होता आणि त्याला समाधानकारक उत्तर नव्हते.

पणजीने याच शतकाच्या पहिल्या दशकात रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवून दारोदार संकलन सुरू केले आणि ओला कचरा वसाहतींमध्येच जिरवण्याचा मार्ग धरला, त्यामागे ही निकड होती. २०१६ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने कचरा व्यवस्थापनाच्या निकषांवर देशातील शहरांची पाहणी केली. तीत आलप्पुळा आणि म्हैसूर यांच्यासह पणजीचा समावेश आघाडीच्या शहरांत झाला.

त्याच वर्षी दोन महत्त्वाच्या घडामोडी झाल्या. केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ रोजी लागू झाले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा देणे त्यांनी प्रत्येक घराचे कर्तव्य ठरवले, तसेच कचरा रस्त्यावर, नाल्यात किंवा जलाशयात टाकण्यास आणि उघड्यावर जाळण्यास मनाई केली. दुसरी घडामोड म्हणजे साळगावचा प्रक्रिया प्रकल्प. जुन्या कचराभूमीच्या जागी उभारलेल्या या प्रकल्पाची क्षमता सुरुवातीला दिवसाला १०० टन होती. नंतर ती २५० टनांपर्यंत वाढवण्यात आली. ओल्या कचऱ्यापासून तेथे बायोगॅस आणि त्यापासून वीज तयार होते. दक्षिण गोव्यासाठी काकोडा येथे प्रकल्प उभा राहिला. दुसऱ्या बाजूला, मिश्र कचरा वर्षानुवर्षे साठत गेला तर काय होते, हे मडगावजवळच्या सोनसोड्याने दाखवून दिले. तेथील ढिगाऱ्याला मे २०१९ मध्ये लागलेल्या आगीचा धूर आसपासच्या वस्तीला अनेक दिवस सोसावा लागला.

वसाहतीतील खतकुंडी कशी चालते

ओल्या कचऱ्याचे खत करणे ही जिवाणूंची कामगिरी आहे आणि त्यांना चार गोष्टी लागतात : नत्र, कर्ब, हवा आणि ओलावा. भाजीचे देठ, फळांच्या साली आणि उरलेले अन्न यांत नत्र व पाणी भरपूर असते. कर्ब मिळतो तो कोरड्या पानांतून, लाकडाच्या भुशातून किंवा नारळाच्या काथ्यातून. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस एक भाग असे राहिले आणि ओलावा ५० ते ६० टक्के असला, तर ढीग काही दिवसांत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या उष्णतेत रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या मरतात. ढीग अधूनमधून वर-खाली केला, की दीड ते दोन महिन्यांत खत तयार होते.

दुर्गंधी सुटली, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की कोरडा भाग कमी पडला आहे किंवा हवा पोहोचलेली नाही. गोव्यात मासळीचे खवले आणि काटे कुंडीत येतात. ते उघडे राहिले तर वास आणि भटकी कुत्री दोन्ही येतात. पालापाचोळ्याच्या जाड थराखाली मधोमध ठेवले तर येत नाहीत. करवंट्या आणि शहाळी मात्र सहा-सहा महिने कुजत नाहीत. ती वेगळी काढून तुकडे करावी लागतात. पावसाळ्यात छप्पर नसलेल्या कुंडीत पाणी शिरते आणि काळे पाणी झिरपून गटारात जाते. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे छप्पर आणि उंच जोते यांशिवाय खतकुंडी टिकत नाही.

हरितपट्टा आणि खतकुंडी यांची गाठ येथेच पडते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रस्त्याकडेची आणि उद्यानांतील झाडे जो पाला ढाळतात, तो अनेक ठिकाणी झाडून जाळला जातो. हाच पाला गोण्यांत भरून छपराखाली साठवला, तर पावसाळ्यातील चार महिने वसाहतीच्या कुंडीला कोरडा भाग पुरतो. तयार झालेले खत पुन्हा त्याच झाडांच्या मुळाशी जाते. मासळीच्या वासावरून वसाहतीत होणारे तंटे बहुधा पाल्याच्या या साठ्यापाशीच मिटतात.

सुक्या कचऱ्याचे अनेक प्रकार

‘सुका कचरा’ हा शब्द सोयीचा आहे. भंगाराच्या बाजारात त्याला किंमत नाही. तेथे पुठ्ठा, वर्तमानपत्र, पांढरा कागद, काच, पत्रा, ॲल्युमिनियम, पाण्याची बाटली, दुधाची पिशवी आणि कडक प्लास्टिक यांचे भाव वेगवेगळे असतात. पणजी महानगरपालिकेने सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण १६ प्रकारांत करण्याची पद्धत स्वीकारली, तिचा आधार हाच व्यवहार आहे. जितके बारीक वर्गीकरण, तितका अधिक माल पुन्हा वापरात जातो. चटणी-सांबाराने माखलेला कागद कोणत्याही वर्गात बसत नाही; म्हणून डबा फेकण्यापूर्वी विसळणे हीदेखील पुनर्वापराचीच पायरी आहे.

वेफर्स आणि गुटख्याची बहुपदरी वेष्टने पुन्हा वितळवून नवी वस्तू करता येत नाही. असे प्लास्टिक गठ्ठे बांधून शेजारच्या कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे जाते आणि सुमारे १,४०० अंशांच्या भट्टीत इंधन म्हणून जळते. हा पुनर्वापर नव्हे, विल्हेवाट आहे. पण तेच वेष्टन खारफुटीत अडकले, तर श्वसनमुळांवर त्याचा थर बसतो आणि झाड गुदमरते. गोवा सरकारने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. बाटली किंवा वेष्टन परत केल्यावर ग्राहकाला ठेव परत मिळावी, हे तिचे तत्त्व आहे. सोड्याच्या काचेच्या बाटल्यांबाबत हा व्यवहार दुकानांत पूर्वापार होता. ज्या वस्तूला परतीचे मोल आहे, ती ओहोळात पडून राहत नाही.

इतर शहरांनी काय केले

पणजीशी सर्वांत जवळचे उदाहरण केरळमधील आलप्पुळा या कालव्यांच्या शहराचे आहे. तेथील कचरा शेजारच्या सर्वोदयपुरम येथे नेला जाई. ग्रामस्थांनी २०१२ मध्ये ती वाट अडवली. कचरा रस्त्यांवर आणि कालव्यांच्या काठी साचू लागला, तेव्हा नगरपालिकेने घरोघरी बायोगॅस संयंत्रे आणि नळीतील खतप्रक्रिया, तर चौकाचौकांत हवेशीर सामूहिक खतपेट्या दिल्या. पुढे मुंबईच्या आयआयटीने केरळमधील संस्थेच्या सहकार्याने कालव्यांचा अभ्यास हाती घेतला आणि काठावरच्या घरांतून नेमके काय पाण्यात जाते याची नोंद केली. कालव्याचा गाळ उपसणे ही शेवटची पायरी असते, पहिली नव्हे, हा या अनुभवाचा अर्थ.

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने हीच जोडणी मोठ्या प्रमाणावर केली. १९७० च्या दशकात नदीकाठच्या पूरक्षेत्रात बंदिस्त कालवे बांधण्याऐवजी तेथे बारिगुईसारखी उद्याने केली गेली. पूर आला की पाणी उद्यानातील तळ्यात पसरते. १९८९ मध्ये घराघरांत वर्गीकरणाची मोहीम सुरू झाली आणि १९९१ पासून ४ किलो पुनर्वापरयोग्य कचऱ्याच्या बदल्यात १ किलो फळे-भाजी देण्याची पद्धत आली. अरुंद गल्ल्यांच्या ज्या गरीब वस्त्यांत गाडी पोहोचत नव्हती, तेथील नदीकाठ यामुळे कचऱ्यापासून वाचला.

पुण्यात प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार संकलन सुरू केले. ज्या स्त्रिया उकिरड्यावर कचरा वेचत, त्यांना ओळखपत्र, ठरलेले शुल्क आणि भंगार विकण्याचा हक्क मिळाला. वर्गीकरण करणारे हात कोणाचे आणि त्यांना काय मिळते, हा मुद्दा कोणत्याही शहराला टाळता येत नाही.

काठ टिकतो कधी

खाडीकाठचा हरितपट्टा करताना पहिला मोह काठाला काँक्रीटची भिंत घालून वर फरशा बसवण्याचा असतो. भिंतीमुळे काठ नीटनेटका दिसतो, पण खारफुटीला रुजायला चिखल उरत नाही आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. मातीचा उतार, त्यावर खारफुटी, थोडे वर करंज, उंडी आणि भेंड यांसारखी खारे वारे सोसणारी झाडे आणि त्यांच्या पलीकडे पायवाट ही रचना स्वस्त आहे आणि पुरातही टिकते. गोव्यातील खाजनांचे बांध आणि मानशी याच तत्त्वावर चालत आल्या आहेत : पाणी अडवायचे नाही, त्याची ये-जा सांभाळायची.

दुसरी अडचण रात्रीची आहे. दारोदार संकलन कितीही नियमित असले, तरी भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार, सुट्टीपुरते येणारे पर्यटक आणि रात्री उशिरा बंद होणारी खाद्यालये यांच्या वेळा संकलनाच्या वेळेशी जुळत नाहीत. त्यांचा कचरा पिशवीत बांधून पुलाच्या कठड्यावरून खाली जातो. ज्या कोपऱ्यात एक पिशवी पडते, तेथे दुसऱ्या दिवशी दहा पडतात. अशा जागी फलक लावण्यापेक्षा संध्याकाळची दुसरी फेरी आणि पायवाटेवर पुरेसा उजेड यांचा उपयोग अधिक होतो, कारण लोकांची वर्दळ असलेल्या काठावर कचरा टाकण्यास सहसा कोणी धजत नाही.

तिसरी अडचण देखभालीची. वसाहतीतील खतकुंडी रोज अर्धा तास मागते. ते काम एकाच उत्साही रहिवाशावर सोपवले, की त्याने घर बदलताच कुंडी बंद पडते. वर्गणीतून नेमलेला माळी, पाल्याचा साठा आणि महानगरपालिकेकडून वेळेवर खताची उचल या तीन गोष्टी ठरलेल्या असल्या, तर ती वर्षानुवर्षे चालते. तिच्यातले खत झाडांना मिळते, तिच्यामुळे साळगावकडे जाणाऱ्या गाडीचे ओझे हलके होते आणि शहराचा कचरा दुसऱ्याच्या गावात नेण्याचा जुना वाद तेवढ्यापुरता तरी मिटतो.