समाधीचा माथा, टेलिफोनचं अंग

ब्रिटिश वास्तुकलेचा इतिहास बहुतेक पुस्तकांत एकाच सडकेने चालतो. नॉर्मन राजांच्या जाडजूड भिंती, गॉथिकच्या टोकदार कमानी, ट्यूडर काळातली लाल वीट, इटलीच्या पॅलेडिओचं वेड घेतलेल्या उमरावांचे वाडे, जॉर्जियन घरांच्या एकसारख्या रांगा आणि व्हिक्टोरियाच्या राज्यात पुन्हा एकदा गॉथिक. एवढ्यात सगळं आलं असं वाटतं. माझं मन मात्र या सडकेवर कधी रमलं नाही. ते रमलं रस्त्याकडेच्या लाल टेलिफोन बूथपाशी, कारण त्याचं कूळ शोधत गेलं की माणूस एका थडग्यापुढे जाऊन उभा राहतो.

हे थडगं सर जॉन सोन याचं. गवंड्याचा मुलगा, जन्म 1753चा. 1788मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद झाला आणि पुढची 45 वर्षं ती बँक बांधतच राहिला. मोठं नाव, मोठा पैसा आणि घरात कायमचा तंटा. 1815च्या सप्टेंबरमध्ये एका वृत्तपत्रात सोनच्या कामाची खिल्ली उडवणारे दोन निनावी लेख आले. लिहिणारा होता त्याचाच धाकटा मुलगा जॉर्ज. आई एलिझा आधीच आजारी होती. त्याच नोव्हेंबरात ती गेली. सोनने ते लेख चौकटीत बसवले, त्याखाली हे जॉर्जने घातलेले मरणघाव आहेत अशा अर्थाची पट्टी लावली आणि भिंतीवर टांगले. असा बाप आपल्याकडच्या कादंबरीतही सापडायचा नाही.

बायकोसाठी त्याने 1816मध्ये समाधी आखली. जागा लंडनच्या सेंट पँक्रास ओल्ड चर्चला लागून. खाली तळघर, तिथे उतरायला जिना, भोवती दगडी कठडा. मधोमध नावं कोरलेला संगमरवरी चौथरा, त्यावर चार आयोनिक खांबांचं छोटं संगमरवरी छत. या सगळ्यावर आणखी एक मोठं दगडी छत, आणि आपलं काम आहे ते या बाहेरच्या छताशी. चार कोपऱ्यांना चार चौकोनी खांब. चारही बाजूंना सपाट कमानीसारखा वळलेला माथा. त्या चार वळणांतून वर आलेला बसका घुमट. शेंड्यावर पाइनचं फळ आणि स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप. नेहमीची नक्षी जवळजवळ नाहीच, दगडात नुसत्या रेघा ओढलेल्या. 1823मध्ये थोरला मुलगा इथे आला, 1837मध्ये सोन स्वतः.

आता लंडनमधला जुना, मोठा लाल बूथ डोळ्यांसमोर आणा. त्याला के-टू म्हणतात. उंची सव्वानऊ फूट, वजन टनाच्या वर. चारही बाजूंना तोच वळलेला माथा, त्यातून निघालेला तोच बसका घुमट, कडेने उभ्या रेघांची पट्टी. फळ आणि साप तेवढे गळले. माथ्याच्या वळणात राजमुकुट आला, आणि तोही नुसता मिरवायला नाही: मुकुटाला बारीक भोकं आहेत, त्यांतून आतली कोंदट हवा बाहेर पडते.

हा आखला सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉटने. पोस्ट खात्याचा 1921चा काँक्रीटचा बूथ, के-वन, लंडनच्या नगरपालिकांना पसंत पडेना, म्हणून 1924मध्ये स्पर्धा झाली. रॉबर्ट लॉरिमर, जॉन बर्नेट आणि स्कॉट अशा तीन नामवंतांकडून आराखडे मागवले. स्कॉटचा निवडला गेला आणि 1926पासून रस्त्यावर आला.

गंमत अशी, की स्कॉटचं घराणं हाडाचं गॉथिक. आजोबा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाचं पदवीदान सभागृह आणि राजाबाई टॉवर आखणारे. भारतात पाऊल न ठेवता त्यांनी नकाशे लंडनहून धाडले. नातवाने वयाच्या 22व्या वर्षी लिव्हरपूलच्या कॅथीड्रलची स्पर्धा जिंकली तीसुद्धा गॉथिक आराखड्यावर. अशा घरातल्या माणसाने टेलिफोनसाठी एकदम सोनचा अभिजात घाट का उचलावा?

एक मत असं, की सोनचा यात काही संबंध नाही. लंडनला पाऊस फार, सपाट छपरावर पाणी साचतं, घुमटावरून ते ओघळून जातं; संपलं. हे मला पटत नाही. पाणी घालवायला उतरतं छप्पर पुरलं असतं. चारही बाजूंना वळलेला माथा पावसाने कुणाला शिकवलेला नाही.

दुसरं मत वजनदार आहे. ते म्हणतं, मूळ सोनचंच, पण समाधीत नव्हे तर त्याच्या राहत्या घरात. लिंकन्स इन फील्ड्समधलं हे घर आता संग्रहालय आहे, आणि स्पर्धेच्या सुमारास स्कॉट त्याचा विश्वस्त झाला होता. तिथल्या न्याहारीच्या खोलीवर असाच बसका घुमट आहे. चार खुंट्यांना बांधलेलं धोतर वाऱ्याने फुगावं तसा तो चार कोपऱ्यांतून सलग वर येतो. घुमट कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. ही युक्तीही सोनची स्वतःची नव्हे. त्याचा गुरू जॉर्ज डान्स याने 1770च्या दशकातच लंडनच्या गिल्डहॉलमधल्या सभेच्या दालनावर ती वापरली होती. चौकोनावर गोल बसवण्याची मूळ विद्या तर त्याहून फार जुनी, थेट इस्तंबूलच्या हागिया सोफियापर्यंत जाणारी.

तरीही मी समाधीच्याच बाजूने उभा आहे, आणि माझा मुद्दा साधा आहे. न्याहारीच्या खोलीतला घुमट खालून, आतून दिसतो. तो बाहेरून कसा दिसेल, चार बाजूंनी फिरणाऱ्या माणसाला त्याची कड कशी दाखवायची, याचं उत्तर त्या खोलीत नाही. टेलिफोन बूथ मोकळ्यावर एकटा उभा राहतो, त्याला पाहतात ते बाहेरून. असा घुमट उघड्यावर, चार खांबांवर, चार सारख्या बाजूंनी उभा करून सोनने दाखवला तो समाधीवर. तिचे आराखडे संग्रहालयातच आहेत. विश्वस्तपद आधी की बूथचा आराखडा आधी, यावर काही जण वाद घालतात. मला तो फिजूल वाटतो. लंडनमधल्या वास्तुविशारदाला सोन ठाऊक असायला खुर्ची लागत नव्हती.

शिवाय समाधी स्कॉटला परकी नव्हती असं मी बेधडक म्हणतो. सेंट पँक्रास स्टेशनपुढचं भव्य गॉथिक हॉटेल आजोबांचं, आणि ओल्ड चर्च स्टेशनच्या मागे चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या मिडलंड रेल्वेचं ते हॉटेल, तिनेच 1860च्या दशकात रूळ टाकायला तिथल्या दफनभूमीचा लचका तोडला. थडगी उकरण्यावर देखरेख करायला एका वास्तुविशारदाचा तरुण मदतनीस होता. पुढे तो कादंबरीकार थॉमस हार्डी म्हणून गाजला. त्या उकराउकरीतून सोनची समाधी वाचली. आजोबांचं हॉटेल पाहायला गेलेला नातू मागे वळून दोन पावलं चाललाच नसेल, हे कुणी मला सांगू नये.

आणखी एक धागा आहे, तो माझा लाडका. 1920च्या दशकात सोनचं नाव एका वाईट कारणाने लोकांच्या तोंडी होतं. हर्बर्ट बेकर, म्हणजे नवी दिल्लीतल्या सचिवालयांचा कर्ता, बँक ऑफ इंग्लंड वाढवायला निघाला होता, आणि 1925पासून सोनची आतली दालनं पाडली गेली. पेव्हस्नरसारख्या अभ्यासकाने पुढे याला विसाव्या शतकात लंडनवर झालेला सर्वांत मोठा वास्तुगुन्हा म्हटलं. एका टोकाला सोन पाडला जात असताना दुसऱ्या टोकाला तोच बिडाच्या ओतकामात चौकाचौकात उभा राहिला. हा योगायोग नसावा असं मला वाटतं.

लाल रंग मात्र स्कॉटचा नव्हे. त्याला पोलादी बूथ हवा होता, बाहेरून रुपेरी आणि आतून निळसर हिरवा. पोस्ट खात्याने बीड आणि लाल रंग ठरवला. पुढे पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवासाठी स्कॉटने तोच घाट आटोपशीर करून सव्वाआठ फुटांचा के-सिक्स आखला. तो 60,000च्या वर तयार झाला आणि गावोगाव पोचला. आज त्यांतले काही छोटी वाचनालयं झालेत, काहींत हृदय अचानक बंद पडल्यास वापरायची विजेची यंत्रं ठेवलेली असतात.

लंडनला जाणं झालंच, तर मेणाच्या पुतळ्यांसाठी रांग लावण्याआधी सेंट पँक्रास ओल्ड चर्चच्या बागेत जाऊन समाधीला एक फेरी घाला, तिकीट नाही. मग पिकॅडिलीवरच्या बर्लिंग्टन हाउसच्या कमानीखाली या. स्कॉटचा स्पर्धेतला मूळ लाकडी नमुना तिथे अजून उभा आहे. दोन्ही माथे एकाच दिवशी पाहा आणि न्याहारीची खोली की समाधी, ते तुमचं तुम्हीच ठरवा.