‘क्लेसिस’ : हाक एकाची, घर दोघांचे

पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. समाधीपुढे उभ्या राहणाऱ्या वारकऱ्याला ब्रह्मगिरीच्या गुहेतील गहिनीनाथांच्या अनुग्रहाची कथा कोणी सांगावी लागत नाही. आम्हांस मात्र तिच्या आधीची कथा अधिक बोचते. विठ्ठलपंतांस वैराग्याची हाक आली. रुक्मिणीबाईंस मागे ठेवून ते काशीस गेले आणि संन्यासी झाले. घरी पत्नी आहे हे कळताच गुरूने त्यांना माघारी धाडले, असे परंपरा सांगते. संन्याशाची मुले म्हणून चार भावंडांनी पुढे काय सोसले, हे सर्वश्रुत आहे. ईश्वराची हाक एकाला येते, पण त्याच्या घरात दुसरे माणूस असते. त्याचे काय करावयाचे?

हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मात एका ग्रीक शब्दापाशी येऊन उभा राहतो. तो शब्द ‘क्लेसिस’. ‘कालेओ’ म्हणजे हाक मारणे, बोलावणे. त्यापासून तो झाला. मुळात त्यात धर्माचे काहीच नव्हते. जेवणाचे आमंत्रण म्हणजे क्लेसिस आणि न्यायालयाचे बोलावणेही क्लेसिस. अथेन्समध्ये प्रतिपक्षास न्यायालयात बोलावताना जे साक्षीदार सोबत नेत, त्यांना ‘क्लेतेर’ म्हणत. आमचे मराठी बायबल ह्या शब्दासाठी ‘पाचारण’ वापरते. वर्तमानपत्रांत हल्ली पाचारण होते ते अग्निशामक दलाचे. पण त्यामुळे बिघडत नाही. बोलावणे आले की उठलेच पाहिजे, हा ग्रीक शब्दातला अर्थ त्यात शाबूत आहे.

नव्या करारात हा शब्द अकरा वेळा येतो आणि बहुतेक ठिकाणी तो पौलाच्या पत्रांत आहे. रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो की, देव आपले पाचारण मागे घेत नाही. त्याहून विलक्षण जागा करिंथकरांच्या पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायात आहे. हे पत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावरचे. ज्या पाचारणात बोलावणे आले त्यातच प्रत्येकाने राहावे, असे पौल तेथे सांगतो. म्हणजे क्लेसिस ही देवाची हाक, आणि ती ऐकताना माणूस ज्या स्थितीत होता ती स्थितीही. सुंता झालेला असो वा नसो, हाकेसाठी त्याने ते बदलू नये. ह्याच अर्थाच्या वाटेने जाऊन सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने चांभाराच्या आणि शेतकऱ्याच्या कामालाही मठवासीयाच्या व्रताची प्रतिष्ठा दिली. आपल्याकडील स्वधर्माची कल्पना येथे आठवल्यावाचून राहत नाही. जन्माच्या चौकटीत माणसाला डांबून ठेवण्याचा जो धोका तिच्यात आहे, तो पौलाच्या वाक्यातही आहे.

पण हा अध्याय मुळात विवाहाविषयी आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. जोडीदार विश्वास न ठेवणारा असला आणि तो एकत्र नांदण्यास राजी असला, तर त्याला सोडू नये, असे पौल त्यातच बजावतो.

आता नाशिकाकडे येऊ. नारायण वामन टिळक तरुणपणी येथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृत शिकले. हे शास्त्रीबुवा ‘त्र्यंबककर’ म्हणूनच ओळखले जात. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांची संमती नव्हती. ह्या बाबतीत टिळकांना निर्दोष ठरविण्याची आमची तयारी नाही. एवढे मात्र म्हटले पाहिजे की, टिळकांनी पत्नीस टाकले नव्हते. पंक्तिभेदाच्या आणि विटाळाच्या नियमांनी दोघांना एका छपराखाली राहू दिले नाही. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरास राहिल्या. दुःखाने अर्ध्या झाल्या.

१८६६ सालच्या एका कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसास, धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदावयास न आल्यास, घटस्फोटाचा मार्ग मोकळा होता. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या, त्या हिंदू म्हणून. सोवळे त्यांचे, चूल त्यांची, पाणीही त्यांचे. टिळकांचा स्वभाव शीघ्रकोपी, तरी ह्या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. पुढे एके दिवशी, माणूस देवाने केला आणि जाती माणसाने केल्या, हे लक्ष्मीबाईंचे त्यांनाच उमगले आणि कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हा सारा भाग त्यांनी इतक्या मोकळेपणी सांगितला आहे की, हाक नवऱ्याची आणि फरफट बायकोची, असा निकाल देऊ पाहणारा वाचकही थबकतो. आम्हीही थबकलो. नवऱ्याच्या हाकेला ओ देण्याचे लक्ष्मीबाईंनी नाकारले होते. आपली हाक येईपर्यंत त्या थांबल्या.

टिळक कीर्तन आणि अभंग सोडून गेले नाहीत. आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते म्हणत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. बालपणी अक्षरओळखही न झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे उरलेले अध्याय ओवीत रचले.